लोमू म्हणजे नुसती ताकद नव्हे
एकांनी लिहिलंय की न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याची कारकीर्द म्हणजे नुसता आडदांड शरीराचा खेळ. हे अजिबात पटलं नाही. १९९५ च्या रग्बी विश्वचषकाची उपांत्य फेरी, केपटाऊन, समोर इंग्लंड. त्यातला त्याचा पहिला ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) नीट पाहा. पास मागे पडून उसळलेला. तो वळून चेंडू गोळा करतो, इंग्लंडच्या टोनी अंडरवुडला बाहेरच्या बाजूने चकवतो, मागून त्यांचा कर्णधार कार्लिंग याचा हात लागून तोल जातो आणि तसाच धडपडत त्यांच्याच माइक कॅटला तुडवून रेषेपार! त्या दिवशी चार ट्राय, वय अवघं वीस.

त्याच वर्षाअखेरीस मूत्रपिंडाच्या आजाराचं निदान झालं. रग्बी युनियन (रग्बीचा पंधरा खेळाडूंचा प्रकार) व्यावसायिक झालं तेही १९९५ मध्येच, म्हणजे पगार घेऊन खेळला तो जवळपास सगळा काळ आजारपणातलाच. तरीही १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय. २००३ ला डायलिसिस, २००४ ला प्रत्यारोपण आणि पुढच्याच वर्षी वेल्समधल्या कार्डिफ संघाकडून पुन्हा मैदानात. ६३ कसोटींत (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला कसोटी म्हणतात) ३७ ट्राय, हा आकडा हे सगळं लक्षात घेऊन वाचायला हवा. विश्वचषक मात्र एकदाही हाती लागला नाही, याची मला फार हळहळ वाटते.