दासबोध गटाने वाचायचाय, सुरुवात कुठून करावी?

इंदिरानगरवाला: नमस्कार मंडळी. आम्ही दहाजण दर रविवारी सकाळी नाशिकच्या टाकळीला तासभर बसणार आहोत. समर्थ रामदासांनी जिथे बारा वर्षं तप केलं, तिथेच दासबोध वाचायचा. 20 दशक म्हणजे भाग, त्यांत 200 समास म्हणजे प्रकरणं, 7751 ओव्या. आठवड्याला दोन समास धरले तरी 100 रविवार. पहिल्या दशकात बहुतेक स्तवनच आहे. तरुण पोरं तिथेच गळणार नाहीत ना?

पंचवटीकर: गळतील. ग्रंथारंभ आणि नरदेहस्तवन, म्हणजे पहिला आणि दहावा समास वाचा, मधले मागाहून. मग थेट दुसरा दशक, मूर्खलक्षणं. दोघं बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा, दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा, घरी सुचलेलं सभेत बोलायला लाजणारा. 'अरे, हा तर मीच' असं प्रत्येकाला कुठेतरी वाटतंच. त्यातलं एकच लक्षण प्रत्येकाने आठवड्यासाठी घ्यायचं. ते स्वतःत किती वेळा दिसलं, तेवढाच आकडा पुढच्या रविवारी सांगायचा, प्रसंग नाही. प्रसंग सुरू झाले की साहेब, शेजारी, सासू सगळे मूर्खांच्या यादीत जातात आणि तास संपतो.

नासर्डीकाठ: आकड्याचं ठीक, पण नुसती मूर्खलक्षणं वाचली की हसण्यावारी जातं. लगेच पुढचा समास, उत्तमलक्षणांचा, त्याच बैठकीत घ्या; काय टाळायचं आणि काय धरायचं हे शेजारीशेजारी दिसायला हवं. याच दुसऱ्या दशकाचा दहावा समास पढतमूर्खाचा, म्हणजे शिकूनही मूर्ख राहिलेल्याचा, तो मात्र स्वतंत्र रविवारी. ग्रंथ मुळातून न पाहता नावं ठेवणारा, ब्रह्मज्ञान छान बोलून अभिमान न सोडणारा, हे सगळं वाचणाऱ्यांसाठीच लिहिलंय. आणि बायकोला मनातलं सांगणाराही समर्थांच्या लेखी मूर्ख! या ओवीवर भांडण ठरलेलं. उगाच सारवासारव करू नका. त्या काळची समजूत म्हणा, हवं तर अमान्य करा, पण गाळू नका.

इंदिरानगरवाला: आभार. प्रती कोणत्या घ्याव्यात? आणि प्रपंच-परमार्थाचा भाग कधी?

पंचवटीकर: कोणतीही सार्थ, म्हणजे अर्थासह असलेली, प्रत चालेल, फक्त सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर ओवी शोधण्यातच वेळ जातो. पढतमूर्ख झाला की बाराव्या दशकाचा पहिला समास घ्या. आधी प्रपंच नेटका करा, असं तिथे सुरुवातीलाच आहे. रविवारी सकाळी घरची कामं टाकून येणाऱ्यांना ते लवकर वाचायला मिळालेलं बरं.