'अक्यूट' म्हणजे तीव्र की अल्पकालीन?

खाडीकाठ: बर्फाच्या कारखान्याशेजारच्या वस्तीसाठी अमोनियागळतीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'अक्यूट इनहेलेशन रिस्क'ला 'तीव्र श्वसनधोका' लिहिलं. एका मावशींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "म्हणजे वास तीव्र आला तरच पळायचं ना?" मला घाम फुटला. इथे अक्यूट म्हणजे थोडाच वेळ श्वासात गेलेला. तक्त्यात अमेरिकेच्या एईजीएल मर्यादा आहेत, म्हणजे अचानक गळतीत किती वायू किती वेळ श्वासात गेला तर किती त्रास होईल त्याच्या पायऱ्या, १० मिनिटांपासून ८ तासांपर्यंतच्या. अमोनियाची पहिली पायरी, नुसत्या जळजळीची, हवेच्या दशलक्ष भागांत ३० भागांवरच आहे. 'तीव्र' काढून काय घालू?

भूमितीप्रेमी: अक्यूट अँगल म्हणजे लघुकोन, हे शाळेतच शिकलोय. 'लघुकालीन' लिहा.

रात्रपाळी: नको. 'लघु' वाचलं की कामगार त्रासच लहान समजणार. अमोनियाची जीवघेणी पायरी १० मिनिटांना २७०० भाग आहे, तासाभराला ११००. वेळ सहापट झाला तरी मर्यादा अडीचपटच उतरली. इथे त्रैराशिक चालत नाही. प्रमाण आणि वेळ यांचा गुणाकार तेवढाच असला, तरी दाट वायूचा थोडा वेळ हा विरळ वायूच्या जास्त वेळापेक्षा वाईट. म्हणून सरळ लिहा, 'थोडा वेळ जरी गॅस लागला तरी'. आम्ही 'गॅस लागला'च म्हणतो. ऊन लागतं, धूर लागतो, तसा.

शुद्धलेखन_आग्रही: 'वायुबाधा' हा चांगला शब्द असताना गॅस कशाला? वस्तीत गॅस म्हटलं की आधी सिलिंडर बघायला धावतात.

रात्रपाळी: बाधा म्हटलं की भूतबाधा आठवते, साहेब. प्लँटवर अमोनियाची गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवून जोडाजोडावरून फिरवायचो. गळती असेल तिथे पांढरा धूर उठायचा. तेव्हा कुणी 'वायुबाधा' ओरडलं नाही. 'गॅस! गॅस!' एवढंच. माणसं त्या हाकेला पळतात.

शुद्धलेखन_आग्रही: हाक वेगळी, छापील मजकूर वेगळा. विषबाधा म्हणताना कुणाला भूत आठवत नाही.

सांगलीकर: 'धोका'बद्दल कुणीच बोललं नाही. अमोनियाची टाकी हा धोका. ती गळून कुणाच्या नाकापर्यंत किती आणि किती वेळ पोचेल, ती जोखीम. मला तर जोखीम हा शब्द 'जोखणे'वरूनच आलेला वाटतो. तोलून बघायची ती जोखीम.

आजीचीनात: तोलायचा काय संबंध? आमची आजी दागिन्यांच्या डब्यालाच जोखीम म्हणायची. "जोखीम घेऊन रात्रीच्या गाडीने येऊ नकोस." सांभाळायची ती जोखीम.

सांगलीकर: दागिने तोलूनच घेतात, ताई! शिवाय जोखमी हुंडी आठवा. माल सुखरूप पोचला तरच पैसे. म्हणजे अंदाज आलाच.

आजीचीनात: त्यात अंदाजापेक्षा भरवसा जास्त आहे.

खाडीकाठ: जोखीम घेतली. पण 'अक्यूट'चं काय? उद्या छापायला द्यायचंय.

भूमितीप्रेमी: 'अल्पकालीन'.

रात्रपाळी: शब्दच नको, वाक्य लिहा: 'मिरची भाजताना सुटते तशी खाट नाकाला लागली की ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे निघून जा.' अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून ओलं.

आजीचीनात: खाट? आमच्याकडे 'खकाणा' म्हणतात. खाट ही झोपायची.