शब्दच नाहीत, मग 'चाल' लावायची कशाला? (धून, गत, तर्ज, बांधणे)

धुऱ्यावरची: मंडळी, एका शब्दावर अडले आहे. माझा भाचा बासरी वाजवतो आणि स्वतःचं काही काही तयार करतो. त्यात गाणं नसतं, निव्वळ बासरी. गावातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी मी लिहिलं, 'स्वतः चाल लावलेल्या धुना'. मामाजींनी (माझे सासरे, सगळी हयात भजनी मंडळात खंजिरी वाजवली) कागद वाचून परत दिला. "चाल लावली म्हन्तं, पन कशाले लावली? गानं कुठी हाय? अन् धून तं पहाटे निंगते, हा पोरगा ते काय रचन?"

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं, तुकडोजी महाराजांची मोझरी हाकेच्या अंतरावर. इथं धून म्हणजे रामधून, पहाटेची गावफेरी. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण भाच्याच्या कामाला मग क्रियापद कोणतं? 'कंपोज करतो' मला छापायचं नाही.

निखळ मराठी: 'वाद्यरचना' लिहा. संस्कृत, स्वच्छ, कुणालाही कळेल असा शब्द आहे.

पेटीमास्तर: रचना म्हटलं की मला कागद दिसतो. ताई, पोरगा नेमकं करतो कसं ते सांगा, शब्द त्यातूनच निघेल.

धुऱ्यावरची: कापूस वेचून झाला की संध्याकाळी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसतो. एखादी चार-पाच सुरांची ओळ सापडली की तीच तासभर घोळवतो. भोक पूर्ण झाकायचं की बोट जरासं उचलून अर्धं उघडं ठेवायचं, एवढ्यावर त्याचे दोन दोन दिवस जातात. ओळ मोबाईलमध्ये भरतो, सकाळी ऐकतो, बहुतेक वेळा पुसून टाकतो. राहिली तर मग मांडीवर ताल धरून सम (तालाची पहिली मात्रा) कुठं घ्यायची ते ठरवतो. ताल शेवटी. विचारलं तर म्हणतो, "मावशी, श्वास जिथं संपते तिथंच ओळ संपली पाहिजे." (आवाज ऐकून बैल कान टवकारतात, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.)

सोळा मात्रा: याला घरचा शब्द आहे, 'गत', म्हणजे वाद्यासाठी तालात बांधलेली रचना. सतारीवर मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून उचलतात: दिर दा दिर दा रा, आणि समेवर दा. म्हणजे वाद्याला शब्द नसले तरी बोल असतात. 'गत बांधली' म्हणा.

पेटीमास्तर: ते बोल मिजराबीचे, बोटातल्या नखीनं तारेवर केलेल्या आघाताचे. बासरीत आघात कुठला, फुंकर आहे. मैफलीत बासरीला मानाची जागा पन्नालाल घोषांनी (1911–1960) मिळवून दिली, आणि आजही बासरीवाले गायकाची बंदिश घेतात, सतारीची गत घेतात. 'बांधली' मात्र मला पटलं.

धुऱ्यावरची: 'गत' पत्रिकेत चालणार नाही हो. आमच्याकडे 'काय गत झाली त्याची' असंच ऐकू येतं. पोराच्या नावापुढं तो शब्द बघून त्याची आई रडेल.

वडसेकर: आमच्या झाडीपट्टीत नाटकाच्या तालमीत सरळ 'म्युझिक बसवलं' म्हणतो. क्रियापद मराठी आहे ना, मग बाकीचं चालतं.

निखळ मराठी: नाही चालत. असंच चालवून घेतल्यानं भाषा पोकळ होते.

जुनी वही: माझ्या वडिलांच्या भजनाच्या वहीत प्रत्येक भजनावर लाल शाईत 'तर्ज' लिहिलेली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवरही 'तर्ज' छापतात. 'भाच्याच्या तर्जा' का नाही?

निखळ मराठी: तर्ज फारसी वाटेनं आलेला शब्द आहे. बंदिशही फारसी.

जुनी वही: भाऊ, सनईसुद्धा फारसीच. लग्नात ती मांडवाबाहेर ठेवता का? आणि बंदिश अन् आपलं बांधणं मुळात एकाच घरचे. तुम्ही पाहुणा समजून ज्याला हाकलता, तो चुलतभाऊ निघतो.

पेटीमास्तर: पण तर्ज म्हणजे आधीच असलेली चाल, तिच्यावर नवे शब्द बसवायचे. पोराचं उलटं आहे, शब्दच नाहीत. मामाजींचा प्रश्न तोच होता आणि तो खरा आहे. आपली सगळी क्रियापदं गाण्याच्या पाठीमागून चालतात. चाल *लावायची*, कारण शब्द आधी उभे असतात.

धुऱ्यावरची: काल मामाजी धुऱ्यापर्यंत गेले होते, ऐकत उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "जुयवते बरं पोरगा." पण 'जुळवलेल्या' काय ते अजून रिकामंच आहे. छापखान्यात उद्या द्यायचंय.

वडसेकर: 'जुळवलेल्या धुनी' लिहा.

सोळा मात्रा: धुनी नव्हे, धुना. सून–सुना, तसं धून–धुना. धुनी बुवांच्या मठात पेटते.

जुनी वही: आमच्याकडे 'धुनी'च म्हणतात, दोन्ही अर्थांनी.

सोळा मात्रा: आमच्याकडे म्हणजे नेमकं कुठं? अचलपूरकडे मी तरी कधी ऐकलं नाही.