प्रति: स्लाईडचं एक्स्पोजर

वर एकानं लिहिलंय की स्लाईड फिल्मपण (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं पारदर्शक चित्र उमटतं ती) निगेटिव्हसारखी जरा ओव्हर मारावी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उजेड द्यावा, तर भावा तसलं काय करू नको. निगेटिव्हला स्टॉपभर (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड गेला तरी प्रिंटमध्ये निभावतं, पण स्लाईडवर हायलाइट, म्हणजे चित्रातला सगळ्यात उजळ भाग, उडाला की तिथं नुसती कोरी पारदर्शक फिल्म उरते, पडद्यावर पांढरा डाग. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालानं माखलेली माणसं आणि उन्हातली पांढरी टोपी एकाच फ्रेममध्ये आली तर स्पॉट मीटर (बारक्या जागेचाच उजेड मोजणारा) टोपीवर धर, आणि मीटर पांढऱ्यालापण करडं धरतो म्हणून तो सांगेल तिथनं लेन्स दीड स्टॉप उघड, बास. वेल्विया ५० या स्लाईड फिल्मवर गुलाल तसापण लै भडक येतोय. आणि स्लाईड बघायची तर प्रोजेक्टरवर, नाहीतर लाइटबॉक्सवर लूप (छोटं भिंग) लावून, मोबाईलवरच्या स्कॅनात काय मजा न्हाई. स्लाईडच्या डब्यात सिलिका जेल मात्र टाक, पावसाळ्यात बुरशी धरते.