मदत हवी आहे: एक्स्पोर्ट दर वेळी ३५ टक्क्यांवर अडकतंय

कुडाळचो झील
जत्रेतलं दशावताराचं नाटक शूट केलंय, २ तास ४० मिनिटांचं, एडिट झालंय पण तयार व्हिडिओची फाइल काढताना एक्स्पोर्ट ३५ टक्क्यांच्या आसपास आलं की एरर. आज पाचवी वेळ. शनिवारी मंडळींना द्यायचंय, पखवाजवाले काका फार थकलेत, रोज विचारतात. जागा भरपूर आहे. लवकर सांगा.

टाइमलाइन
सॉफ्टवेअर कुठलं, फॉरमॅट कुठला, एरर काय? एवढ्यावरून काय सांगणार?

जुना कॅसेटवाला
प्रोरेसमध्येच काढा, भारी क्वालिटीचा फॉरमॅट आहे. २० वर्षं लग्नं शूट करतोय, मास्टर कॉपी कायम प्रोरेस.

चिपळूणची
दादा, प्रोरेस एचक्यू म्हणजे फुल एचडीला २२० जीबी होईल. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे.

जुना कॅसेटवाला
मग हार्डडिस्क घ्यावी. क्वालिटीत तडजोड कशाला?

रात्रीचा राजा
सुरुवातीच्या आडदशावतारातला संकासुर पूर्ण घेतलाय ना? आमच्याकडे हल्ली मुख्य नाटकाआधीचा तो भाग पटकन उरकतात, जीव तुटतो.

कुडाळचो झील
घेतलाय. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतो, फॉरमॅट एच २६४, सेकंदाला १० मेगाबिट (एमबीपीएस). थेट पेनड्राइव्हवर काढतोय, ३२ जीबीचा, रिकामाच आहे.

टाइमलाइन
अहो हे आधी सांगायचं ना! पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, मग बाकी कितीही रिकामा असो. तुमच्या सेटिंगला ४ जीबी म्हणजे साधारण ५५ मिनिटं, तेच तुमचे ३५ टक्के. आधी लॅपटॉपवर एक्स्पोर्ट करा, पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा, त्यात ही अडचण येत नाही, मग कॉपी.

जुना कॅसेटवाला
जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. एनटीएफएस करून बघा.

चिपळूणची
आणि पेनड्राइव्हवर ठेवून निर्धास्त राहू नका. प्रोजेक्ट नुसता एक्स्पोर्ट केला तर डीआरपी फाइल मिळते, त्यात फुटेज नसतं, प्रोजेक्ट आर्काइव्ह केलं तरच सगळं एकत्र येतं. तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावात. २०२१ च्या पुरात माझ्या दोन्ही हार्डडिस्क एकाच कपाटात होत्या, खालच्या खणात. चिखल धुऊन उघडल्या, काही निघालं नाही. आजीच्या ओव्या होत्या त्यात.

कुडाळचो झील
झालं! ११.५ जीबीची फाइल. शेवटपर्यंत बघितली, पखवाज स्वच्छ ऐकू येतो. आर्काइव्ह हार्डडिस्कवर घेतलं, दुसरी कॉपी बहीण पुण्याला नेतेय. कॅमेऱ्याचं कार्ड आता पुसू का?

चिपळूणची
ताईंनी पुण्यात फाइल उघडून बघेपर्यंत नको.