मदत हवी आहे: दगडात तांबं-जस्त आहे का? आजच सांगा

पन्हाळवारा: विहिरीचं काम थांबलंय. एका दगडात हिरवं दिसतंय, दुसऱ्यात पितळी ठिपके आणि तपकिरी चकाकी. दाजी म्हणतात तांबं-जस्त आहे, सुरुंग लावू नका. सुरुंगवाले उद्या दुसऱ्या कामावर जाणार. आहे का नाही एवढंच सांगा.

रंकाळाकाठ: विहीर कुठं? किती फूट? दोन्ही दगड त्यातलेच का?

हुपरीकर: हुपरीला चांदीवाल्यांकडं न्या. कसोटीवर घासून पाच मिनिटांत सांगतील. आमच्या तीन पिढ्या यातच गेल्या.

काळापाषाण: कसोटी धातूसाठी. दगडातलं तांबं बहुधा गंधकाशी बांधलेलं असतं, त्याचा कस कसा लागणार?

हुपरीकर: रेघ तर उमटतेच की! कसोटी कधी हातात धरलीय का?

काळापाषाण: रेघच बघायची तर फरशीच्या मागच्या खरबरीत पांढऱ्या बाजूवर ओढा. तांब्याच्या पितळी कॅल्कोपायराइटची रेघ हिरवट काळी येते, जस्ताच्या स्फॅलेराइटची फिकट पिवळसर तपकिरी.

माजघर: हिरवा थर चिंच-मीठ लावून घासला की निघतो. आमची सगळी तांब्याची भांडी अशीच लख्ख होतात.

राधानगरीचा: कोल्हापुरात खनिज नाही असं कुणी म्हणू नये. दुर्गमानवाडला बॉक्साइट आहे.

काळापाषाण: असं कोण म्हणालं? आणि बॉक्साइट ॲल्युमिनियमचं, त्याचा इथं काय संबंध?

पन्हाळवारा: विहीर पन्हाळा तालुक्यात, ३२ फूट. हिरवा दगड तिच्यातला. ठिपक्यांचा दाजींनी आणलाय, ते नागपूर जिल्ह्यात नोकरीला असतात. तुमच्याकडचाही तसाच आहे म्हणाले.

रंकाळाकाठ: अहो, हे आधी सांगायचं! हिरव्याबरोबर पोकळ्यांत पांढरे स्फटिक आहेत का?

पन्हाळवारा: आहेत. खडक मांजऱ्या आहे, पोकळ्या-पोकळ्यांचा.

साकोलीपट्टा: मग दोन्ही दगडांचं गोत्रच वेगळं. तुमचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांसोबत सेलॅडोनाइट हे हिरवं खनिज बसतं. त्याचा हिरवा रंग लोहाचा, तांब्याचा नव्हे. बहुतेक तेच असणार.

दाजींचा दगड विदर्भातल्या साकोली पट्ट्यातला असेल तर गोष्ट न्यारी. तो खडक १०० कोटी वर्षांहून जुना. असं खनिज मुळात समुद्रतळावर तयार होतं: तिथल्या भेगांतून पाणी आत मुरतं, ३०० अंशांच्या वर तापतं, खडकातले धातू विरघळवून पुन्हा वर येतं. थंड पाणी भेटलं की धातू गंधकाशी जोडून खाली बसतात. तांबं जास्त उष्णतेत, झऱ्याच्या तोंडाजवळ. जस्त जरा पुढं, कमी तापमानाला. म्हणून दोघं शेजारी सापडतात. पुढं दाबाखाली आणि उष्णतेत खडक बदलला की काही जस्त गाहनाइट या गडद हिरव्या खनिजात जातं. त्याच पट्ट्यातल्या कोलारी-भानोरीला ते मिळालंय. मी तिथं चार उन्हाळे पायी फिरलोय, गाहनाइटचा दाणा दिसला की अजून हात थरथरतो.

रंकाळाकाठ: हिरव्यावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तांबं.

काळापाषाण: चूक! पोकळीत कॅल्साइट असलं तरी फसफसतं. भुगा करून ॲसिडात ठेवा आणि घासलेला लोखंडी खिळा बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांबूस थर चढेल. हातमोजे घाला, उघड्यावर करा.

पन्हाळवारा: केलं. तासाभरानंही खिळ्यावर लालसर काही नाही. दाजींच्या दगडाच्या भुग्याला मात्र सडक्या अंड्यासारखा वास आला.

साकोलीपट्टा: तो स्फॅलेराइट असणार. हुंगत बसू नका, तो वायू विषारी असतो.

पन्हाळवारा: मग तिकडं खाण का नाही?

साकोलीपट्टा: खनिज दिसणं म्हणजे साठा नव्हे. पट्टा किती जाड, किती लांब, टक्का किती आणि काढायचा खर्च निघतो का, हे भोकं पाडून बघावं लागतं. बहुतेक जागा नोंदीपुरत्याच राहतात.

पन्हाळवारा: सुरुंगवाल्यांना फोन झाला, सकाळी सातला येतायत. सगळ्यांचे आभार.

रंकाळाकाठ: पाणी किती फुटांवर लागलं तेवढं लिहा, माझीही विहीर मांजऱ्यातच आहे.