हळू धावायचं म्हणजे नेमकं किती हळू?

वय ४६, चार महिने झाले धावतेय. १८० वजा वय, म्हणजे १३४ च्या वर नाडी जाऊ द्यायची नाही असं वाचलं. पण दोन मिनिटांत घड्याळ १५२ दाखवतं! चढावर तर चालावंच लागतं. काल काठी टेकत फिरणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले. असं रखडत धावून दम वाढतो का?

— वाढतो. मीही पहिले दोन महिने चालत-पळतच काढले, चिडचिड व्हायची. तेव्हा १३५ च्या नाडीवर किलोमीटरला नऊ मिनिटं लागायची, आता साडेसात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, पण त्याला वेळ लागतो.

— ते सूत्र म्हणजे ढोबळ अंदाज, त्यात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ते बघा. आणि मनगटावरचं घड्याळ कधीकधी नाडीऐवजी पावलंच मोजतं. सुरुवातीलाच आकडा १७० ला जाऊन चिकटला तर माझा संशय आधी पट्ट्यावर.

— उकाड्यात, किंवा तासभर झाला की त्याच वेगाला ठोके वाढतातच. तेव्हा वेग कमी करायचा, घाबरायचं नाही.

(मूळ प्रश्नकर्ती) आज पट्टा हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधला. १४१! फोनवर बहिणीशी बोलत धावले, तिला कळलंही नाही. आजोबा मात्र आजही पुढेच.